रुळावरून घरी आलेल्या मुली

आमच्या घरात सिनेमा लावायचा म्हटले की आधी भांडण होते. सौ.ला जुने मराठी चित्रपट हवे असतात, चिरंजीवांना मारामारी आणि आम्हाला बातम्या. गेल्या मे महिन्यात कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या मुलीने कोणाचेच न ऐकता लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि एक इंग्रजी चित्रपट लावला. नाव 'रॅबिट-प्रूफ फेन्स', म्हणजे सशांना अडवणारे कुंपण. सशांचा सिनेमा आहे असे समजून धाकटा पुढे सरकून बसला. सौ. भेंडी चिरत होती. मुलगी खाली उमटणारी इंग्रजी वाक्ये वाचून आम्हाला मराठीत सांगत होती.

दहाएक मिनिटांत भेंडी तशीच राहिली. पडद्यावर एक पोलीस मोटार घेऊन येतो आणि आईच्या हातातून तीन मुली ओढून गाडीत घालतो. आई काचेवर हात मारते आहे, आजी दगडाने स्वतःचे डोके फोडून घेते आहे, आणि पोलीस कागद दाखवतो आहे. कागद म्हणजे सरकारी हुकूम. सौ. म्हणाली, "अगं बाई, चोरी केली का काय पोरींनी?" मुलगी म्हणाली, "नाही मम्मी, त्यांचा बाप गोरा आणि आई आदिवासी, एवढाच गुन्हा."

हकिकत खरी आहे. साल १९३१, देश ऑस्ट्रेलिया, तिथला पश्चिमेकडचा प्रांत. मॉली चौदा वर्षांची, ग्रेसी दहाची, डेझी आठची. गाव जिगलाँग. त्या प्रांतात १९०५ साली एक कायदा झाला होता. त्या कायद्याने 'आदिवासींचा मुख्य संरक्षक' नावाचा एक अधिकारी सोळा वर्षांखालच्या प्रत्येक आदिवासी मुलाचा कायदेशीर पालक ठरला. आई जिवंत, आजी जिवंत, तरी पालक साहेब! ए. ओ. नेव्हिल नावाचा गृहस्थ १९१५ पासून त्या खुर्चीवर होता. गोऱ्या रक्ताची मुले आदिवासींतून वेगळी काढायची, त्यांना इंग्रजी शिकवायचे, घरकामाला लावायचे, पुढे गोऱ्यांतच त्यांची लग्ने लावायची, म्हणजे तीन पिढ्यांत काळा रंग नाहीसा होईल, असा त्याचा हिशेब होता. चित्रपटात तो बायकांच्या सभेत पडद्यावर फोटो दाखवून हे समजावून सांगतो. चेहरा अगदी सज्जनाचा. मारकुटा साहेब दाखवला असता तर पाहणे सोपे गेले असते.

मुलींना मूर रिव्हर नावाच्या वसाहतीत नेऊन ठेवतात. रात्री खोलीला कुलूप, कोपऱ्यात बादली, आपल्या भाषेत बोलायचे नाही. एके दिवशी पावसाची चिन्हे दिसतात आणि मॉली ठरवते, आज निघायचे, पावसाने पावलांचे ठसे पुसले जातील. मग त्या चालू लागतात. घर कुठे हे त्यांना ठाऊक नाही, पण एक खूण ठाऊक आहे. १८५९ साली एका गोऱ्या जमीनदाराने शिकारीसाठी चोवीस ससे आणून सोडले आणि पुढे त्या सशांनी देशभर शेते खाल्ली. ते अडवण्यासाठी सरकारने प्रांताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तारेचे कुंपण घातले. १९०७ साली पुरे झालेले हे पहिले कुंपण १८३३ किलोमीटर लांब होते आणि ते जिगलाँगवरून जात होते. मॉलीचा बाप त्याच कुंपणावर कामाला होता. मुली ते कुंपण धरून चालल्या. सोळाशे किलोमीटर, नऊ आठवडे. आमच्या पेणहून पायी निघालेला माणूस तेवढ्यात दिल्ली मागे टाकून पुढे जाईल.

चित्रपट दिग्दर्शक फिलिप नॉइस यांनी २००२ साली काढला. त्याच्या आधी मॉलीचीच मुलगी डोरिस पिल्किंग्टन हिने १९९६ साली आईची ही हकिकत पुस्तकात लिहिली होती. डोरिस स्वतःही लहानपणी त्याच वसाहतीत वाढली. कारण मॉलीला १९४० साली दोन मुलींसह पुन्हा तिथे नेले. ती दुसऱ्यांदा पळाली, पण दोघींना घेऊन एवढे चालणे कसे जमणार? धाकटीला कडेवर घेऊन ती गेली आणि डोरिस मागे राहिली. पुढे ती धाकटीही सरकारने नेली आणि मॉलीला ती पुन्हा कधी दिसली नाही. चित्रपटाच्या शेवटी खरी मॉली आणि खरी डेझी म्हाताऱ्या होऊन काठी टेकत चालताना दिसतात. मॉली २००४ साली वारली.

चित्रपटात एक आदिवासी माग काढणारा आहे. आपल्याकडे पूर्वी पागी असत तसा. सरकारचा पगारी माणूस. पळालेल्या पोरांच्या मागावर घोड्यावर बसून जायचे आणि त्यांना परत आणायचे हे त्याचे काम. त्याची स्वतःची मुलगी त्याच वसाहतीत अडकलेली. तो खाली वाकून माती बघतो, मोडलेली काडी बघतो आणि काही बोलत नाही. तो पडद्यावर असताना सौ. आमच्याकडे न बघताच म्हणाली, "तुम्हीसुद्धा नेल्या होत्या ना दोघी परत?"

मुलीने विचारले, "कोणाला?" आम्ही काही बोललो नाही. ती गोष्ट आज लिहितो आहोत.

२००६ साल. आम्ही नुकतेच बी.कॉम. होऊन पेणमध्ये कारकुनीला लागलो होतो आणि संध्याकाळी मंडळाचे काम करत होतो. रामवाडीपासून डोंगराच्या बाजूला कातकरी बांधवांची एक वाडी आहे. तिथे रेशनकार्ड, जातीचे दाखले, निराधारांचे अर्ज अशी कामे आम्ही करून देत असू. कातकरी म्हणजे खैराच्या झाडापासून कात काढणारे. जंगल गेले, कात गेला, आणि माणसे वीटभट्टीला आणि कोळसाभट्टीला लागली. दिवाळीनंतर मुकादम उचल देतो आणि अख्खे घर पोराबाळांसकट भट्टीवर जाते, ते पाऊस तोंडावर आला की परत येते. शाळेच्या हजेरीपटावर नाव असते, पोर विटा थापत असते. शासनाने महाराष्ट्रातील तीन जमातींना आदिम जमात म्हटले आहे, माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी. त्यातले कातकरी आमच्या दाराशी राहतात.

शिक्षणाशिवाय सुटका नाही हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलेली माणसे. आम्ही वाडीत बैठक घेतली आणि सांगितले, मुलांना आश्रमशाळेत घाला. राहणे-खाणे फुकट, आणि भट्टीवर जाण्याचा प्रश्न मिटला. फॉर्म आम्हीच आणले, आम्हीच भरले. एका घरातल्या दोन बहिणी निवडल्या, मोठी अकराची, धाकटी आठची. बापाचा अंगठा घेतला. आई चुलीपाशी होती, तिला कोणी विचारले नाही. मुलींना विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता.

शाळा रोह्याच्या पलीकडे. जून महिन्यात पेणहून पॅसेंजरने आम्ही त्यांना घेऊन निघालो. दोघी प्रथमच आगगाडीत बसत होत्या. कासू गेले, नागोठणे आले, तशी धाकटी रडू लागली. तिची समजूत काढायला आम्ही खिडकीतून रूळ दाखवला आणि म्हणालो, "अगं, हा रूळ बघ. हाच सरळ तुमच्या वाडीखालून जातो. काही लांब नाही घर." धाकटी गप्प झाली. मोठी मात्र रोहा येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

जानेवारीत त्या दोघी त्याच रुळाने घरी आल्या. शाळेतून पहाटे निघून आधी डांबरी रस्त्याने रोह्यापर्यंत, तिथून रूळ धरून पस्तीस-चाळीस किलोमीटर. दीड दिवस आणि एक रात्र. वाटेत रुळाची पाहणी करत जाणाऱ्या एका चावीवाल्याने त्यांना आपल्या डब्यातली भाकरी दिली. घरी आल्या तर दाराला कडी. आईबाप भट्टीवर गेलेले, शेजारच्या झोपडीत आजी एकटी.

दुसऱ्या दिवशी शाळेकडून निरोप आला. निरोप आम्हालाच येणार, फॉर्मवर नाव आमचे. आम्ही रजा टाकली आणि वाडीवर गेलो. आजीने एवढेच विचारले, "कुणी सांगितलं न्यायला?" आम्ही म्हणालो, "आजी, त्यांच्या भल्यासाठीच आहे." धाकटी आजीच्या लुगड्यामागे लपली. मोठी उठली, बहिणीचा हात धरून तिला बाहेर आणली आणि आमच्यापुढे येऊन उभी राहिली. एस.टी.त आम्ही दोघींना वडापाव घेऊन दिला. धाकटीने खाल्ला. मोठीने तो फ्रॉकच्या घेरात धरून ठेवला आणि शाळेच्या फाटकाशी पुन्हा बहिणीच्या हातात दिला. त्या दिवशी आपण एक चांगले काम पार पाडले असेच आम्हाला वाटले होते. मंडळाच्या वहीत तशी नोंदही केली. ती वही अजून आमच्याकडे आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीला त्या घरी आल्या त्या परत गेल्या नाहीत. पुढच्या दिवाळीनंतर मोठी आईबापाबरोबर भट्टीवर विटा उचलत होती.

वाचक म्हणतील, ऑस्ट्रेलियाचा जुलूम आणि आपली आश्रमशाळा एका तागडीत कशी घालता? आम्ही घालत नाही. तिथे मुलांना त्यांच्या लोकांपासून कायमचे तोडायचे हाच उद्देश होता. १९९७ साली तिथल्या चौकशी अहवालाने सांगितले की १९१० ते १९७० या काळात दहातले एक ते तिनातले एक एवढ्या प्रमाणात आदिवासी मुले घरातून नेली गेली. १३ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांचे पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत उभे राहून माफी मागितली. आपल्या आश्रमशाळांतून शिकून नर्स झालेल्या, पोलिसात गेलेल्या, मास्तर झालेल्या आदिवासी मुली आहेत आणि त्यांचा आम्हाला अभिमान आहे.

पण आपल्याकडे तसे घडलेच नाही असे मात्र कोणी समजू नये. नेव्हिलच्या वसाहतीला 'सेटलमेंट' म्हणत. हा शब्द सोलापूरकरांना नवा नाही. तिथे आजही सेटलमेंट म्हणूनच भाग ओळखला जातो. इंग्रज सरकारने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्या पारधी, कैकाडी आदी लोकांना तिथे तारेच्या कुंपणात कोंडले होते. हजेरी दिल्याशिवाय हलायचे नाही, पासाशिवाय बाहेर जायचे नाही, आणि गिरणीला मजूर मात्र आतूनच मिळायचे. १९११ आणि १९२४ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात तर स्वतंत्र कलमच होते. सहा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सरकारला त्यांना उद्योगशाळेत किंवा सुधारशाळेत ठेवता येईल, असे ते कलम होते. मुलाने काही केलेले असायला हवे अशी अट नाही. जमात पुरेशी होती. हा कायदा देशातून गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. आपले विमुक्त बांधव म्हणूनच तो दिवस पाळतात.

याच सोलापुरात १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढले. एकाच शहरात एकीकडे बाबासाहेबांच्या सभेचे वसतिगृह आणि दुसरीकडे तारेतली सेटलमेंट. दोन्हीकडे मुले घरापासून लांब, दोन्हीकडे सुधारणेचीच भाषा. आणखी एक योगायोग पाहा. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट. सोलापूरसारख्या सेटलमेंटचा कारभार ज्यांच्या हाती होता तेच हे साहेब. याच समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते, ठक्कर बाप्पाही होते. १९३० च्या अहवालात शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे यांची शिफारस झाली. आपल्या पिढ्या ज्या वसतिगृहांवर शिकल्या त्यांच्या पायाचा एक दगड तिथे आहे.

आम्ही स्वतः समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून शिकलो. डाळ पातळ होती, ढेकूण होते. पण शनिवारी एस.टी. धरून घरी जाता येत असे. महिन्याला वडील चिवड्याचा डबा घेऊन येत आणि रेक्टरशी तावातावाने बोलत. आपल्या बापाला तिथे आवाज होता. त्या दोघींच्या बापाचा फक्त अंगठा होता आणि तोही आम्ही धरून उमटवला होता. वसतिगृह म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे चिवड्याचा डबा येत होता, म्हणूनच त्या मुली का पळाल्या हे विचारण्याची आम्हाला गरज वाटली नसावी.

आणि ज्यांची मुले शाळेत नाहीत त्यांचे काय होते तेही विसरून चालणार नाही. २०२२ साली नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात उघड झाले की कातकऱ्यांची लहान लहान मुले थोड्या पैशांवर आणि एखाद्या मेंढीवर मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती. त्यातली एक दहा वर्षांची मुलगी मरण पावली. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ सालचा. म्हणजे भट्टी, मेंढरे आणि आश्रमशाळा यांतून आईने निवड करायची असते. जूनमध्ये फॉर्म घेऊन येणाऱ्या कार्यकर्त्याच्या हे ध्यानात असावे.

चित्रपट पाहून झाल्यावर आठ दिवस आमचे कामात लक्ष लागेना. शेवटी एका रविवारी मुलीला बरोबर घेऊन वाडीवर गेलो. मोठी आता तिशीला आली आहे. लग्न होऊन त्याच वाडीत राहते, नवऱ्याबरोबर भट्टीला जाते. धाकटी पनवेलकडे दिली आहे. "दादा, बसा," म्हणून तिने गोणपाट टाकले. आम्ही लॅपटॉप उघडून चित्रपट लावला. तिची दहा वर्षांची मुलगी आणि शेजारच्या बायका जमल्या. आमची मुलगी सांगत होती, पण तिला फार काही सांगावे लागले नाही.

मध्येच तिने विचारले, "पाणी कुठं मिळायचं यांना?" मग म्हणाली, "आम्हाला स्टेशनात मिळालं." ग्रेसीला कोणीतरी खोटेच सांगते की तुझी आई दुसऱ्या गावी आहे, आणि ती बहिणींना सोडून रेल्वे स्टेशनाकडे जाते आणि पकडली जाते. तेव्हा ती पटकन बोलून गेली, "म्हणून मी हिचा हात सोडलाच नाही." हिचा म्हणजे धाकटीचा.

आम्ही विचारले, "का आलीस तेव्हा पळून?" एकोणीस-वीस वर्षांत प्रथमच विचारले. तिने सांगितले. थंडीत धाकटी अंथरूण ओले करायची. सकाळी ते ओले अंथरूण डोक्यावर देऊन तिला सगळ्यांच्या पुढे मैदानात उभी करत. दोघी आपल्या बोलीत बोलल्या की पोरी हसत आणि बाईही हसत. "मला मारलं त्याचं काही नाही वाटलं दादा. पण ती रोज सकाळी उभी." मग म्हणाली, "तुम्हीच तर गाडीत सांगितलं होतं, रूळ घरी जातो म्हणून."

आम्ही म्हणालो, "मी तुला परत नेली. चुकलं माझं." ती गप्प बसली. मग आत गेली आणि चहा घेऊन आली. कोरा चहा, गूळ घातलेला. कप घेताना आमचा हात हलत होता, हे आमच्या मुलीने घरी जाऊन आईला सांगितले.

निघताना तिने स्वतःहून विषय काढला. वाडीवरची शाळा चौथीपर्यंत आहे. तिच्या मुलीची चौथी झाली. पाचवीला पुन्हा आश्रमशाळाच, नाहीतर भट्टी. आम्ही सवयीने खिशातले पेन काढले, तशी ती म्हणाली, "थांबा. आधी मी बघेन. दोन रात्री तिथं राहीन. पोरी निजतात कुठं, बाई बोलते कशी, सगळं बघेन. हिला पण बघू द्या. मग सही करीन." सही ती स्वतःची करते, त्या शाळेत तेवढे शिकली आहे.

आईला दोन रात्री राहू देण्याचा नियम नाही असे शाळेकडून फोनवर आम्हाला सांगण्यात आले. नियम कुठल्या परिपत्रकात आहे ते दाखवा, असे आम्ही विचारले. कारकुनाला कारकुनाची भाषा कळते. अर्ज लिहून दिला आहे, त्याची पोच घेतली आहे. येत्या सोमवारी सकाळच्या एस.टी.ने आम्ही तिघे रामवाडीहून निघत आहोत. बाईचे तिकीट अर्धे, मुलीचे अर्धे, आमचे पूर्ण. फॉर्म आमच्या पिशवीत आहे, कोरा.